पाळी सांभाळून पदवी

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या सभेतील भाषण)



समितीने मला शिक्षणावर बोलायला सांगितलं. मी काही प्राध्यापक नाही. सूतगिरणीत रिंग फ्रेमवर उभा राहणारा कामगार आहे. जे वाचलं ते पाळी सुटल्यावर वाचलं. म्हणून मी आज दप्तर घेऊन शाळेत जाणाऱ्या लेकरांबद्दल बोलणार नाही. डबा घेऊन कामावर जाणाऱ्या माणसाच्या कॉलेजबद्दल बोलणार आहे.

बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केलं, तेव्हा वर्ग सकाळी लवकर ठेवले. का? तर नोकरी करणाऱ्या पोराने आधी वर्गात बसावं आणि मग कामावर जावं. मित्रहो, यात मोठा विचार आहे. पोट भरणाऱ्याला कॉलेजची वेळ जमत नसेल, तर कॉलेजने आपली वेळ बदलावी.

पुढे तोच प्रश्न ब्रिटनमध्ये दुसऱ्या मार्गाने सोडवला गेला. १९६९ साली तिथे मुक्त विद्यापीठ स्थापन झालं आणि १९७१ साली पहिले विद्यार्थी शिकू लागले. आधीची परीक्षा पास असण्याची अट नव्हती. पुस्तकं पोस्टाने घरी यायची, धडे बीबीसीच्या रेडिओ-टीव्हीवर लागायचे. आपल्याकडे १९८२ साली हैदराबादला पहिलं मुक्त विद्यापीठ झालं, त्याला पुढे बाबासाहेबांचंच नाव दिलं गेलं. १९८५ साली दिल्लीला इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ आलं आणि १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचं ब्रीद आपल्यापैकी कित्येकांच्या घरातल्या पुस्तकांवर छापलेलं आहे.

आता माझं सांगतो. तरुणपणी मीही असंच बाहेरून शिकायला एका ठिकाणी नाव घातलं. मार्गदर्शनाचे वर्ग रविवारी, आणि माझी साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. दूरदर्शनवर १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे शैक्षणिक कार्यक्रम लागायचे, पण ते लागायच्या वेळेला मी मशीनवर. परीक्षेला रजा मागितली, तर सुपरवायझर म्हणाला, "तुला साहेब व्हायचंय काय?" दुसऱ्या वर्षाचे दोन पेपर राहिले, ते राहिलेच. ती पुस्तकं अजून माळ्यावर आहेत.

आज ती अडचण बरीचशी सुटली आहे. २०१७ साली सरकारने 'स्वयं' सुरू केलं. मोठमोठ्या प्राध्यापकांची व्याख्यानं मोबाईलवर फुकट ऐकता येतात. रात्री दोनला ऐका, थांबवा, परत ऐका. धडा आता आपल्या पाळीची वाट बघतो.

मग अडलं कुठं? माझ्या सुनेचं उदाहरण घ्या. ती अंगणवाडीत काम करते आणि मुक्त विद्यापीठातून बी. ए. करते. व्याख्यान मोबाईलमध्ये आहे, पण घरात दहा बाय बाराची खोली, टीव्ही चालू, कुकरची शिट्टी, नातवाचं रडणं. एक दिवस ती मला याच विहाराच्या पायरीवर वही घेऊन बसलेली दिसली. म्हणाली, "मामंजी, ऐकलं सगळं, पण अडलं ते विचारू कुणाला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. २०२० च्या टाळेबंदीत तर घरात मोबाईल एक आणि शिकणारे तीन, हे आपण सगळ्यांनी भोगलं आहे.

ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठानेही नुसत्या टीव्हीवर भरवसा ठेवला नव्हता. प्रत्येक विद्यार्थ्याला एक शिक्षक नेमून दिलेला असायचा. तो घरचा अभ्यास तपासून, शेरे लिहून पोस्टाने परत पाठवायचा. यंत्र धडा पोचवतं, पण धीर माणूसच देतो.

दुसरी गोष्ट, आपलं कामही शिक्षणच आहे. खात्यातला दमटपणा कमी झाला की धागा तुटायला लागतो, हे मला कुणी पुस्तकातून शिकवलं नाही. उद्या एखाद्या तरुण कामगाराने पाळीत किती धागे तुटले, हवेत दमटपणा किती होता, कुठल्या काउंटचं सूत होतं, हे मोबाईलवर टिपलं, फोटो काढला, कारण लिहिलं आणि शिक्षकाने ते दुरून तपासलं, तर तो पदवीचा अभ्यास का धरू नये? इंग्लंडात २०१५ पासून पगारी नोकरी करता करता पदवी घेण्याची सोय आहे. आपल्या अनुदान आयोगानेही २०२० साली पदवीत शिकाऊ उमेदवारी जोडण्याचे नियम काढले. मात्र सावध राहा. शिक्षणाच्या नावाखाली स्वस्तात राबवून घेणारेही भेटतील. शिकवणारा कोण, तपासणारा कोण, हे आधी विचारा.

आणि फी भरण्याआधी त्या अभ्यासक्रमाला अनुदान आयोगाची मान्यता आहे का, ते बघा. मान्यता असलेल्या संस्थेची दूरशिक्षणाची पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची आहे, असं आयोगाने २०२२ साली स्पष्ट केलं आहे. "बाहेरून केलंय" म्हणून कुणी नाक मुरडलं, तर मान खाली घालू नका.

आता समितीपुढे माझी मागणी. विहाराची वरची खोली वर्षातले बरेच दिवस बंद असते. ती पहाटे पाच ते आठ आणि रात्री आठ ते अकरा उघडावी. चार टेबलं, चांगले दिवे, इंटरनेटची एक जोडणी आणि एक जुना का होईना, कॉम्प्युटर. भिंतीवर वस्तीतल्या शिकलेल्यांची यादी लावावी: कोणता विषय, कोणत्या वारी, किती वाजता भेटणार. भगिनींसाठी वेळ राखून ठेवावी आणि त्या वेळात खाली महिला मंडळाने लेकरं सांभाळावीत.

खोलीची किल्ली सांभाळायला मी तयार आहे. तिसरी पाळी असली की रात्री आठला उघडून कामावर जाईन, इतर दिवशी पहाटे पाचला येईन. पहिल्या दिवशी माझी सून तिथे बसेल. आणि माळ्यावरची पुस्तकं झटकून तिच्या शेजारी मीही बसेन. दोन पेपर राहिलेत माझे.