‘नाही’ म्हणण्याचा अधिकार

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत तिरुवल्लिकेणी येथे दिलेले व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवासारख्या आनंदाच्या प्रसंगी नामशेष होण्यासारखा अमंगळ विषय मी निवडला, याचे आपल्यापैकी काहींना आश्चर्य वाटले असेल. परंतु ५० वर्षे या आकड्याचा माझ्या विषयाशी निकटचा संबंध आहे, आणि तो कसा हे पुढे ओघाने येईलच.

आपण ज्या भागात जमलो आहोत त्याच्या नावातच एक तळे आहे. ‘अल्लि’ म्हणजे कुमुद आणि ‘केणी’ म्हणजे तळे. कुमुदांचे पवित्र तळे ते तिरुवल्लिकेणी. पार्थसारथीच्या तळ्यात आज कुमुदे आहेत की नाहीत, असा प्रश्न कोणी विचारला तर त्याचे उत्तर अवघड नाही. तळ्याला एक प्रदक्षिणा घालावी, डोळे उघडे ठेवावेत आणि येऊन सांगावे. पण प्रश्न तळ्याचा नसून शेकडो मैल पसरलेल्या काटेरी रानाचा असेल, आणि शोधायची वस्तू फूल नसून कबुतराएवढा, मातकट रंगाचा, माणसाची चाहूल लागताच झुडपाआड स्तब्ध उभा राहणारा पक्षी असेल, तर ‘तो येथे नाही’ असे म्हणण्याचा अधिकार कोणाला आणि केव्हा प्राप्त होतो? ‘आहे’ हे सिद्ध करावयास एक पक्षी पुरतो. ‘नाही’ हे सिद्ध करावयास काय पुरेल, हाच आजचा विषय आहे.

शेवटचा जीव कोणता आणि तो केव्हा मेला, हे निश्चित ठाऊक असण्याचे प्रसंग फारच विरळा. अमेरिकेतील प्रवासी कबुतराची शेवटची मादी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात १ सप्टेंबर १९१४ रोजी मेली. तेथे तारीख आहे, पिंजरा आहे, साक्षीदार आहेत. इतर बहुतेक जाती मात्र कोणाला न कळता जातात. गुलाबी डोक्याचे बदक रानात अखेरचे पाहिल्याची नोंद १९३५ सालची, दरभंग्याकडची. हिमालयातील लावा १८७६ नंतर कोणाच्या हाती लागलेला नाही. तरीही या दोघांना जागतिक यादीत ‘नामशेष’ म्हटलेले नाही; ‘अतिसंकटग्रस्त’ अशा उंबरठ्यावर त्यांना उभे केले आहे. शास्त्रज्ञांचा हा संकोच कशामुळे, हे समजण्यासाठी आपल्या दोन घरांतल्या दोन पक्ष्यांची कथा सांगतो. एक या मद्रासकडचा, दुसरा महाराष्ट्रातला.

पहिला जेर्डनचा धाविक. थॉमस जेर्डन हे मद्रासच्या सैन्यातील शल्यवैद्य. दक्षिण हिंदुस्थानातील पक्ष्यांची त्यांची सूची १८३९ पासून येथील ‘मद्रास जर्नल ऑफ लिटरेचर अँड सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांनी मिळविलेल्या या पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन ब्लाइथ यांनी १८४८ मध्ये केले. छातीवर दोन पट्टे असल्यामुळे शास्त्रीय नावात त्याला ‘दोन गळपट्ट्यांचा’ म्हटले आहे. तेलुगु लोक त्याला ‘कलिवि कोडी’ म्हणतात. कलिवि म्हणजे करवंदीच्या कुळातले काटेरी झुडूप आणि कोडी म्हणजे कोंबडी. १९०० साली अनंतपूरजवळ हॉवर्ड कॅम्पबेल यांनी तो पाहिला आणि त्यानंतर तो जणू पृथ्वीच्या पोटात गेला. शोध झाले, मोठमोठे पक्षितज्ज्ञ त्यासाठी हिंडले, आणि रिकाम्या हातांनी परतले. पुढे १९८६ च्या जानेवारीत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे भारत भूषण कडप्पा जिल्ह्यातील रेड्डिपल्ले गावाच्या परिसरात स्थानिक लोकांना चित्रे दाखवीत हिंडत असता, एका गावकऱ्याला रात्री विजेरीच्या उजेडात तो पक्षी सापडला. ८६ वर्षे न दिसलेला पक्षी रात्रिंचर होता. शोध घेणारे रान बरोबर होते, वेळ मात्र चुकीची होती.

दुसरा आपला रानपिंगळा. १८७२ मध्ये तो प्रथम हाती आला, १८७३ मध्ये ह्यूम यांनी त्याचे वर्णन केले, आणि १८८४ मध्ये खानदेशात जेम्स डेव्हिडसन यांनी मिळविलेला नमुना हा अखेरचा ठरला. जगातील सर्व संग्रहालयांत मिळून त्याचे अवघे सात नमुने. त्यांपैकी एकावर १९१४ हे साल आणि गुजरातेतील तापीकाठच्या मांडवीचे नाव होते. तो रिचर्ड माइनर्ट्झहागेन या विख्यात सैनिकी अधिकाऱ्याच्या संग्रहातला. अर्थातच शोध घेणारे त्या नमुन्याच्या भरवशावर दिशा ठरवीत. पामेला रासमुसेन यांनी तो नमुना तपासला तेव्हा आतील भरणावरून आणि टाक्यांच्या पद्धतीवरून ध्यानात आले की, हा ब्रिटिश म्युझियममधून चोरलेला, पुन्हा शिवलेला आणि खोटी चिठ्ठी बांधलेला डेव्हिडसन यांचाच पक्षी आहे! खोटी साक्ष बाद झाली आणि शोध खऱ्या स्थळांकडे वळला. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळच्या उजेडात, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातील शहादे गावाजवळच्या रानात, रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना रानपिंगळा उघड्या फांदीवर बसलेला दिसला. मध्ये ११३ वर्षे लोटली होती. पुढे तोरणमाळ, मेळघाट, यावल, आणि मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही त्याचा ठाव लागला.

गंमत पाहा. पिंगळा हा घुबडाच्या कुळातला, म्हणून त्याला रात्रीचा समजावे, तर हा दिवसा वावरणारा निघाला. धाविक जातीचे पक्षी दिवसा माळावर धावताना दिसतात, तर आपला धाविक रात्रीचा निघाला. पक्ष्याने आपले अस्तित्व लपविलेले नव्हते. आपल्या समजुतींनी ते झाकले होते.

आता त्या ५० वर्षांकडे वळतो. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघ जगातील संकटग्रस्त जीवांची ‘लाल यादी’ ठेवतो. १९९४ मध्ये नवे निकष येईपर्यंत या यादीचा दंडक साधा होता: जी जाती रानात ५० वर्षे खात्रीने आढळली नाही ती नामशेष. हा दंडक काटेकोरपणे लावला असता तर धाविक १९५० मध्ये आणि रानपिंगळा १९३४ मध्ये मृतांच्या यादीत गेला असता. आणि दोघेही जिवंत होते! उलट ज्याला लाखो डोळे रोज पाहतात असा एखादा जीव दहाच वर्षे दिसेनासा झाला, तर ती दहा वर्षेही पुरेशी ठरू शकतील. म्हणून नुसते वर्षांचे मोजमाप सोडून देण्यात आले. नवी व्याख्या अशी की, शेवटचा जीव मेला आहे याविषयी वाजवी शंका उरली नसेल तरच ती जाती नामशेष. आणि अशी शंका उरू नये यासाठी तिच्या पूर्वीच्या सर्व प्रदेशात, योग्य अशा अधिवासात, दिवसाच्या, ऋतूच्या आणि वर्षाच्या योग्य वेळी, तिच्या आयुर्मानाला साजेल इतका काळ कसून शोध झालेला असला पाहिजे. वरील दोन कथा ध्यानात ठेवल्या तर या व्याख्येतील प्रत्येक शब्द अनुभवाच्या फटक्यांनी घडलेला आहे, हे सहज पटेल.

गणिताचेही साह्य घेतले जाते. अँड्र्यू सोलो यांनी १९९३ मध्ये सुचविलेली रीत सोपी करून सांगतो. समजा, एखादा पक्षी १०० वर्षांत १० वेळा दिसला आणि त्या दहाही नोंदी पहिल्या ६० वर्षांतल्या आहेत. तो आजही असेल आणि कोणत्याही वर्षी दिसण्याचा संभव सारखाच असेल, तर दहाच्या दहा नोंदी पहिल्या ६० वर्षांतच पडण्याचा योग किती? शेकडा ६० हा भाग दहा वेळा स्वतःशी गुणावा. उत्तर येते हजारात सुमारे ६. म्हणजे काहीतरी बिघडले आहे असे मानावयास आधार मिळाला. पण नोंदी १० ऐवजी तीनच असतील तर तोच योग शेकडा सुमारे २२ येतो, आणि त्यावरून काहीच म्हणता येत नाही. दुर्मिळ जीवाच्या बाबतीत गणितही बिचकते, ते यामुळे. शिवाय एक खोटी नोंद सगळा हिशेब उलटवू शकते. माइनर्ट्झहागेनची चिठ्ठी आठवा.

म्हणून अलीकडे दोन हिशेब स्वतंत्रपणे मांडतात. एक नोंदींचा आणि शोधांचा: कोठे, केव्हा, किती कसून पाहिले, आणि पक्षी असता तर तो दिसण्याचा संभव किती होता. दुसरा संकटांचा: रान किती तुटले, शिकार किती झाली, आणि त्यातून कोणी वाचण्यासारखे होते काय. दोन्ही हिशेबांत नामशेष झाल्याचा संभव शेकडा ९० च्या वर गेला तरच तशी घोषणा करावी. ५० च्या वर पण ९० च्या खाली राहिला तर ‘बहुधा नामशेष’ म्हणावे, असा संकेत आहे. बारीक चोचीचा कुरव १९९५ मध्ये मोरोक्कोत अखेरचा खात्रीने दिसला होता. अनेक देशांत शोध घेऊन, असा हिशेब मांडून, तो नामशेष झाल्याचे २०२५ मध्ये जाहीर करण्यात आले. त्या ‘नाही’मागे ३० वर्षांचे श्रम होते.

आपण विचाराल, इतकी चिकित्सा कशासाठी? एखादी जाती गेली असे दोन वर्षे आधी म्हटले काय आणि मागून म्हटले काय, बिघडते कोठे? बिघडते, आणि फार बिघडते. पक्षिशास्त्रज्ञ नायजेल कॉलर यांनी या घाईला ‘रोमिओची चूक’ असे नाव दिले आहे. ज्युलिएट मेली असे समजून रोमिओने विष घेतले, आणि त्यामुळेच ती खरोखर मेली. एखादा जीव गेला असे जाहीर झाले की त्याच्यासाठी राखलेले रान मोकळे होते, रस्ता, खाण आणि कालवा यांना वाट मिळते, आणि आपले भाकीत आपणच खरे करतो. उलट बाजूही सांगितली पाहिजे. जो खरोखर गेला आहे त्याच्यामागे धन आणि माणसे गुंतवीत राहिलो, तर जो आज वाचविता येईल तो उद्या हातचा जातो. म्हणजे चूक दोन्हीकडे आहे. पण पहिली चूक दुरुस्त करता येत नाही.

आणि हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही. १९७६ च्या करारानुसार महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र यांनी कृष्णेचे प्रत्येकी ५ अब्ज घनफूट पाणी या शहरासाठी द्यावयाचे ठरले, आणि १९९६ मध्ये तेलुगु गंगा प्रकल्पाचे पाणी पूंडीच्या जलाशयात पोहोचले. महाबळेश्वरी उगम पावणारी कृष्णा अशी आपल्या घरच्या नळाला आली! मराठी माणसाला याचा आनंद वाटावा हे स्वाभाविक आहे. पण याच प्रकल्पाच्या कालव्याचा मार्ग कडप्पा जिल्ह्यात धाविकाच्या काटेरी रानातून आखला होता. पक्षी जिवंत आहे हे कळल्यावर त्याच्यासाठी श्रीलंकामल्लेश्वर अभयारण्य निर्माण झाले आणि कालव्याचा मार्ग बदलण्यात आला. २००५ मध्ये कालव्याच्या कामाने पुन्हा त्या रानाला हात घातला, तेव्हा निसर्गप्रेमींच्या आणि वनखात्याच्या प्रयत्नांनी मार्ग दुसऱ्यांदा वळविण्यात आला. १९८६ पूर्वीच कोणी ‘हा पक्षी नामशेष’ असा शिक्का मारून ठेवला असता, तर कालवा वळविण्याचे कारणच उरले नसते. पाणी आपल्याला मिळालेच. पक्ष्याचे थोडेसे रानही राहिले. दोन्ही गोष्टी शक्य होत्या, कारण ‘नाही’ म्हणण्याची घाई कोणी केली नाही.

पुढची कथा अशी. २००० नंतरच्या काळात पी. जेगनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झुडपांमध्ये मऊ मातीचे पट्टे आखून त्यांवर उमटलेल्या पाउलखुणा वाचल्या, आपोआप छायाचित्र टिपणारे कॅमेरे बसविले आणि पक्ष्याची साद ध्वनिमुद्रित केली. २०१३ मध्ये स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीन विद्यापीठाच्या संग्रहालयात या पक्ष्याचे अंडे सापडले. ते कोलारच्या सोन्याच्या खाणींच्या भागातून १९१७ मध्ये मिळविलेले होते. म्हणजे १९०० नंतरही तो होता, आणि त्याचा पुरावा जवळजवळ शंभर वर्षे एका खणात पडून होता! मात्र २००९ च्या सुमारापासून पक्षी पुन्हा दिसेनासा झाला आणि शंकेची पाल चुकचुकू लागली. अखेर २०२५ च्या ऑगस्टमध्ये रात्रीच्या अंधारात त्याची साद ऐकू आल्याचे आणि ती ध्वनिमुद्रित केल्याचे पक्षिनिरीक्षकांनी जाहीर केले. एक साद म्हणजे सुरक्षितता नव्हे. पण ‘नाही’ म्हणणाऱ्याचे तोंड बंद करावयास ती पुरेशी आहे.

बंधुभगिनींनो, परमुलखात येऊन वसलेल्या लहानशा समाजाविषयीही अधूनमधून कोणी म्हणते की, यांची भाषा आता उरली नाही. त्यांना मी एवढेच विचारीन की, आपण योग्य जागी, योग्य वेळी, पुरेसा काळ शोधलेत काय? पण ही केवळ जाता जाता केलेली तुलना. माझे खरे मागणे वेगळे आहे. आपल्या घरच्या मुलांनी कधी सुटीत कडप्पाकडे किंवा सातपुड्याकडे जाताना तेथल्या गुराख्याला, लाकूडतोड्याला, म्हाताऱ्या बाईला विचारावे, ‘येथे कोणता पाखरू पूर्वी दिसे आणि आता दिसत नाही?’ आणि उत्तर वहीत तारखेसह लिहून ठेवावे. पाहिले नाही तर ‘पाहिले नाही’ असेही लिहावे. खरेपणाने लिहिलेले ‘पाहिले नाही’ हेही शास्त्राच्या फार उपयोगी पडते. अशा हजारो वह्यांतूनच एक दिवस कोणाला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार मिळतो, आणि पुष्कळदा, सुदैवाने, ‘आहे’ म्हणण्याचा आनंदही.