वाचलेली मिनिटं कोणाची?



मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. तरी हृदयाच्या न्यूक्लिअर स्कॅनवर बोलतोय, कारण गेल्या वर्षी माझ्या अम्मीचा हा स्कॅन झाला. दोन्ही हात डोक्यामागे घेऊन वीस मिनिटं हलायचं नव्हतं. तिचा खांदा आखडलेला. शेवटी हात हललाच, आणि कॅमेरा पहिल्यापासून फिरवावा लागला. मी चिडलो, आणि मग वाचायला बसलो.

या तपासणीत टेक्नेशियम-९९एम असलेलं औषध शिरेतून देतात. स्नायूच्या ज्या भागाला रक्त चांगलं मिळतं, तिथे ते जास्त साठतं. त्यातून निघणारे गॅमा किरण कॅमेरा मोजतो. पण कॅमेऱ्यापुढे शिशाची जाळी असते. ती फक्त सरळ येणारे किरण आत सोडते, म्हणजे दहा हजारांत जेमतेम एक-दोन. वेळ लागतो तो इथे. घाई केली की किरण कमी मिळतात आणि चित्र दाणेदार होतं.

यावर दोन उपाय आहेत. एक माझ्या कामातला. १९९४ साली हडसन आणि लार्किन यांनी मांडलेल्या पद्धतीने संगणक अंदाजी चित्र पुन्हा पुन्हा सुधारतो. जाळीमुळे चित्र किती धूसर होतं, हेही हिशेबात धरलं तर स्कॅन निम्म्या वेळेत होऊ शकतो. दुसरा उपाय यंत्रातला. कॅडमियम-झिंक-टेल्युराइडचे नवे कॅमेरे हृदयाकडेच रोखलेले असतात. तिथे काही मिनिटांत काम होतं.

आता खरा प्रश्न. हाती आलेला फायदा तीन प्रकारे खर्च करता येतो: स्कॅन लवकर उरकणं, औषधाचा डोस आणि त्याबरोबर किरणोत्सर्ग कमी करणं, किंवा चित्र अधिक स्पष्ट घेणं. तिन्ही पूर्णपणे एकदम मिळत नाहीत. वाचलेल्या वेळात फक्त रुग्णांची संख्या वाढवली, तर अम्मीच्या वाट्याला काय आलं? आणि आम्ही प्रोग्रामर मंडळींनीही लक्षात ठेवावं, की गणित चित्र गुळगुळीत करतं. न मोजलेली माहिती निर्माण करत नाही.

म्हणून घरच्या कोणाचा स्कॅन असेल तर लाजू नका. खांदा दुखतो हे आधीच सांगा. किती वेळ लागेल, डोस कमी करता येईल का, हे विचारा. मी त्या दिवशी विचारलं नव्हतं. अम्मी मुकाट्याने सोसत राहिली, आणि मी बाहेर मोबाइल बघत बसलो होतो.