समाजवादाच्या नावाने प्रेमाची मुस्कटदाबी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा संक्षेप)



चीनमधील दूरचित्रवाणी मालिका हा समाजवाद्यांच्या अभ्यासवर्गाचा विषय कसा, अशी शंका काहींना येईल. परंतु या मालिकांच्या चाहत्यांनी रूढ केलेला एक शब्दप्रयोग आपल्या जिव्हारी लागावा असा आहे. दोन पुरुषांचे प्रेम पडद्यावर उघड दाखवण्यास मनाई असल्यामुळे त्याला मैत्रीचे रूप दिले जाते, आणि जाणते प्रेक्षक त्या मैत्रीला उपहासाने ‘समाजवादी बंधुभाव’ म्हणतात. ज्या शब्दासाठी पिढ्यान् पिढ्यांनी तुरुंगवास सोसला, तो तेथे सेन्सॉरच्या पळवाटेचे नाव झाला आहे.

वस्तुस्थिती पाहू. समलिंगी व्यक्तींविरुद्ध वापरले जाणारे ‘गुंडगिरी’चे कलम चीनच्या फौजदारी कायद्यातून १९९७ साली गेले. पडद्यावरची बंदी मात्र आवळतच गेली. फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘ॲडिक्टेड’ ही लोकप्रिय मालिका अखेरचे भाग दाखवण्यापूर्वीच काढून टाकण्यात आली. त्याच सुमारास जाहीर झालेल्या निर्मितीच्या नियमांनी समलिंगी संबंधांना ‘अस्वाभाविक’ संबंधांच्या यादीत बसवले.

तरीही ‘दानमेई’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, मुख्यतः स्त्रियांनी स्त्रियांसाठी लिहिलेल्या पुरुषप्रेमाच्या कादंबऱ्यांवर मालिका निघत राहिल्या. २०१९ च्या ‘द अनटेम्ड’मध्ये प्रेमाचा उच्चार नाही, पण तिच्या ‘वू ची’ या गीताच्या नावात वेइ वूश्येन आणि लान वांगची या दोन्ही नायकांच्या नावांचे ध्वनी ऐकू येतात. २०२१ च्या ‘वर्ड ऑफ ऑनर’मध्ये पात्रांचे ओठ एक बोलत आणि नंतर भरलेला आवाज दुसरेच सांगे. प्रेक्षकांनी ओठ वाचून मूळ संवाद शोधून काढले!

यात भांडवलाचे काही बिघडले काय? मुळीच नाही. ‘द अनटेम्ड’चे शेवटचे भाग लवकर पाहण्यासाठी टेन्सेंटने प्रेक्षकांकडून तीस युआन जादा घेतले. याउलट, समलिंगी प्रेमाची कादंबरी स्वतः छापून विकणाऱ्या एका लेखिकेला २०१८ साली आन्ह्वे प्रांतातील न्यायालयाने अश्लीलतेबद्दल साडेदहा वर्षांची कैद ठोठावली. नफा कंपनीचा, तुरुंग लेखिकेचा, ही कसली समाजवादी व्यवस्था? पुढे सप्टेंबर २०२१ मध्ये सरकारने ‘बायकी’ पुरुषांनाच पडद्यावर मज्जाव केला, आणि चित्रीकरण पूर्ण झालेल्या मालिकाही डब्यात पडून राहिल्या.

हे प्रेम म्हणजे पाश्चात्त्य चंगळवादाची आयात आहे, असा युक्तिवाद केला जातो. तो इतिहासाला धरून नाही. शेजारी झोपलेल्या प्रियकराची झोप मोडू नये म्हणून हान घराण्याच्या आय सम्राटाने आपली बाही कापली, अशी कथा दोन हजार वर्षांपूर्वीची आहे. ‘कापलेली बाही’ हा या प्रेमासाठीचा वाक्प्रचार चिनी भाषेचा स्वतःचा आहे.

आपणही फुशारकी मारू नये. आपल्याकडे प्रौढांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांना ३७७ कलमाच्या कचाट्यातून २०१८ साली सोडवले ते सर्वोच्च न्यायालयाने, राजकीय पक्षांनी नव्हे. बंधुता हे आपले मूल्य आहे. पण प्रेमाला आपले नाव लपवावे लागते तेथे बंधुता उरत नाही, केवळ तिचा मुखवटा उरतो. त्या मुखवट्यावर आपल्या विचारसरणीचे नाव कोरले जात असेल, तर त्याविरुद्ध पहिला आवाज समाजवाद्यांनीच उठवला पाहिजे.