पंचेचाळिशीची वेस



परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या आपल्या सुतार बांधवांविषयी दोन शब्द बोलावेत, अशी आज्ञा झाली आहे. विषय मोठा आहे. आम्ही केवळ वयाच्या अटीविषयी, आणि तीही मुख्यतः ऑस्ट्रेलियाची, सांगणार आहोत.

त्या देशास सुतार कमी पडतात. १ जुलै २०२४ पासून ५ वर्षांत १२ लक्ष घरे उभारण्याचा संकल्प तेथील सरकारने सोडला आहे. तरीही गुणांवर मिळणाऱ्या कायम वास्तव्याच्या परवान्यासाठी वयाची ४५ वर्षे पुरी होण्याआधी सरकारचे निमंत्रण यावे लागते. जुलै २०१७ पूर्वी हीच मर्यादा ५० होती. किमान ६५ गुण हवेत. त्यांत २५ ते ३२ वयास ३०, ३३ ते ३९ वयास २५ आणि चाळिशीनंतर अवघे १५!

तरुण मनुष्य अधिक वर्षे कर भरील, वृद्धाच्या औषधपाण्याचा भार लवकर पडेल, हा त्यांचा हिशेब आम्हांस समजतो. परंतु तोच देश पन्नाशीच्या कारागिरास मालकाच्या मागणीवरून तात्पुरत्या परवान्याने बोलावतो. तेथे वयाची मर्यादा नाही. मालकाच्या शिफारशीने कायम राहण्याच्या मार्गात शास्त्रज्ञ व विद्यापीठांतील अध्यापक यांना वयाची सूट मिळू शकते. सुतारास निव्वळ कसबावर ती नाही. रंध्यावरचा हात बसतो तो चाळिशीच्या सुमारास, हे आपणांस कोणी शिकवावयास नको. जर्मनीने यापेक्षा बरी तोड काढली आहे: ४५ वर्षांवरील प्रथम येणाऱ्या कामगारास ठराविक वेतन किंवा म्हातारपणाची पुरेशी तरतूद दाखवता आली, तर वयामुळे दार बंद होत नाही.

आपल्या घरांत थोरल्याची तिशी बहिणींच्या लग्नांत आणि कर्ज फेडण्यात सरते. मग तो परदेशाचा विचार करतो. कौशल्यपरीक्षा, इंग्रजीची परीक्षा आणि निमंत्रणाची वाट पाहणे, यांत महिने जातात. नाव नोंदविल्याने वय थांबत नाही. निमंत्रणाच्या दिवशीचे वय धरतात.

म्हणून ज्यांच्या घरी पस्तिशी ओलांडलेला कारागीर असेल, त्यांनी त्याला यंदाच मालकांकडून कामाचे दाखले लिहून घ्यावयास लावावे. अनुभवाचा पुरावा म्हणून ते मागितले जातात, आणि आपल्यातील पुष्कळांची वीस-वीस वर्षांची नोकरी कोठेच कागदावर नाही.