मूत्रपिंडाची सुई-परीक्षा



मूत्रपिंडांत सुई घालून त्याचा तुकडा काढावयाचा आहे, असें डॉक्टरांनीं सांगतांच घरांतील वडील मंडळींच्या तोंडचें पाणी पळतें. सुईनें मूत्रपिंड निकामी तर होणार नाहीं ना, हा पहिला प्रश्न. आणि तुकडा काढल्यावर उरलेलें मूत्रपिंड काय कामाचें, हा दुसरा. नव्या मुंबईंतील सुशिक्षित घरांतूनहि हे प्रश्न मीं ऐकले आहेत, आणि त्यांच्या पायीं होकार देण्यास महिना महिना लावणारीं कुटुंबें पाहिलीं आहेत. मी वैद्य नव्हे, निवृत्त शिक्षक आहें. परंतु या भीतीचें उत्तर बरेंचसें अंकगणितांतच आहे, आणि तेवढें माझ्या आवांक्यांतलें आहे.

प्रथम तुकडा म्हणजे केवढा तें पाहूं. प्रत्येक मूत्रपिंडांत रक्त गाळणारे केशवाहिन्यांचे सूक्ष्म गुच्छ सुमारें दहा लक्ष असतात. सुईतून निघणारा तुकडा शेवईच्या काडीसारखा बारीक आणि सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर लांब. अशा दोन तुकड्यांत मिळून वीस-पंचवीस गुच्छ आले तरी पुष्कळ झाले. दहा लक्ष रुपयांच्या ठेवींतून पंचवीस रुपये काढल्यानें जितकें दारिद्र्य येईल, तितकेंच तें नुकसान.

आणि मोबदला? पायांवर सूज, लघवींतून प्रथिनें जाणें, चढलेला रक्तदाब, हीं लक्षणें थोडीं, पण तीं उत्पन्न करणारे रोग अनेक. रक्त-लघवीच्या तपासणीनें मूत्रपिंडास इजा होत आहे एवढें कळतें; ती कशानें, हें पुष्कळदां कळत नाहीं. एका रोगावर स्टेरॉइड गुणकारी, तर दुसऱ्यावर त्याचा केवळ उपद्रव. पॅरिसच्या जाँ बर्जे यांनीं १९६८ सालीं ज्या रोगाचें वर्णन केलें, तो आयजीए-रोग तर असा तुकडा विशिष्ट रंगद्रव्यानें उजळून पाहिल्यावांचून निश्चित होत नाहीं. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच. मात्र कांहीं रोग थोड्याच गुच्छांना धरतात; तेव्हां शितें फार थोडीं मिळालीं, तर परीक्षा फसूं शकते. अहवालांत गुच्छांची संख्या लिहितात ती यासाठींच.

आतां सुरक्षिततेविषयीं. कोपनहेगनच्या इव्हर्सन व ब्रुन यांनीं १९५१ सालीं ही पद्धति प्रसिद्ध केली, तेव्हां रोग्यास बसवून अंदाजानें सुई घालीत, आणि उपयुक्त तुकडा जेमतेम निम्म्या रोग्यांत मिळे. शिकागोच्या कार्क व म्यूर्क यांनीं १९५४ मध्यें रोग्यास पालथें निजवून व निराळी सुई वापरून पन्नासांपैकीं अठ्ठेचाळीस वेळां यश मिळविलें. पुढें श्राव्यातीत ध्वनिलहरींचें यंत्र, म्हणजे आपली सोनोग्राफी, हातीं आलें आणि अंदाजाची जागा दृष्टीनें घेतली. (खोलीबाहेर गर्भलिंगनिदान होत नसल्याची पाटी पाहून हें यंत्र केवळ गरोदर स्त्रियांचें, अशी पुरुष मंडळींची समजूत होते, ती सोडावी.) पडद्यावर मूत्रपिंडाचें खालचें टोंक दिसतें, मोठ्या रक्तवाहिन्या तेथून दूर असतात. कातडी बधिर करतात, रोगी क्षणभर श्वास रोखतो, कमानीचा टक् असा आवाज होतो आणि तुकडा सुईंत येतो.

धोका शून्य आहे असें जो सांगेल त्यावर विश्वास ठेवूं नये. २०१२ सालीं अमेरिकन संशोधकांनीं या आधुनिक रीतीच्या ९,४७४ परीक्षांचा हिशेब एकत्र मांडला. लघवी डोळ्यांस दिसेल इतकी लाल झाली, असे रोगी हजारीं सुमारें ३५. रक्त द्यावें लागलें, असे हजारीं ९. मूत्रपिंड काढावें लागणें वा मृत्यु ओढवणें, हे प्रसंग दहा हजारांत एक-दोन. रक्तदाब आटोक्यांत नसेल, रक्त गोठण्यांत दोष असेल, तर हा धोका वाढतो. म्हणून तीं आधीं पाहतात. ॲस्पिरिनसारखें रक्त पातळ ठेवणारें औषध चालू असेल तर तें अवश्य सांगावें. स्वतःच्या मनानें मात्र बंद करूं नये, कारण हृदयरोग्यास तें महागांत पडेल.

सर्वांनाच ही परीक्षा लागते असेंहि नाहीं. सूज आलेल्या लहान मुलास बहुधा प्रथम स्टेरॉइड देऊन पाहतात. मूत्रपिंडें आकसून लहान झालीं असतील, तर तुकडा घेऊन हातीं फारसें कांहीं लागत नाहीं. उशीर करणाऱ्या कुटुंबांनीं हें वाक्य पुन्हां ऐकावें: वाट पाहण्यांत कधीं कधीं परीक्षेची वेळच निघून जाते.

एके काळीं अशा कामासाठीं खाडी ओलांडून परळास जावें लागे. आतां नेरूळ व कामोठे येथें वैद्यकीय महाविद्यालयांचीं रुग्णालयें आहेत. त्यामुळें घर जवळ असलें तरी त्याच सायंकाळीं परतण्याची घाई करूं नये. शिकागो येथील ७५० रोग्यांच्या पाहणींत, २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या, पहिल्या आठ तासांत सुमारें दोन-तृतीयांशच उपद्रव उघडकीस आले होते. बाकीचे त्यानंतरचे. म्हणून रात्रभर उताणें निजून राहावें आणि प्रत्येक वेळची लघवी परिचारिकेस दाखवावी, यांत लाज कसली? घरीं आल्यावर कांहीं दिवस पाण्याची बादली दुसऱ्यानें उचलावी. लघवी लाल झाली, कमरेंत एकाएकीं कळ आली किंवा घेरी आली, तर सकाळ होण्याची वाट न पाहतां रुग्णालय गांठावें.