दहा लाख रुपयांची बातमी

(चिखलदरा येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिखलदऱ्याला आलेला पाहुणा वैराटला जाऊन येतो. मेळघाटातील ते सर्वांत उंच ठिकाण. त्या नावाचे गाव मात्र आता तेथे नाही. १९७४ साली मेळघाट व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. या शतकाच्या आरंभी बोरी, कोहा आणि कुंड ही तीन गावे अकोट तालुक्यात हलविण्यात आली. त्यानंतर वैराटसह आणखी अनेक गावे जंगलाबाहेर गेली. ती बहुतांशी कोरकूंची. या माणसांविषयी आपली वृत्तपत्रे काय लिहितात आणि काय लिहीत नाहीत, एवढाच विचार मला आज तुमच्यापुढे मांडावयाचा आहे.

वृत्तपत्रे धडधडीत खोटे छापतात, असा माझा आरोप नाही. तसे असते तर खुलासा पाठवून भागले असते. विस्थापित कोरकू तीनच प्रसंगी बातमीचा विषय होतो. गाव उठते तेव्हा तो 'लाभार्थी' असतो. त्याचे मूल दगावते तेव्हा तो 'अज्ञानी' असतो. आणि तो जंगलाकडे परत फिरतो तेव्हा 'अतिक्रमक' ठरतो. या प्रसंगांच्या मधली वर्षे कोरी राहतात. आणि तिसऱ्या प्रसंगाची कारणे नेमकी त्या कोऱ्या वर्षांत घडलेली असतात.

पहिल्या बातमीचा हिशेब करू. २००८ साली केंद्र सरकारने व्याघ्र प्रकल्पातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक कुटुंबासाठी १० लाख रुपये ठरविले. 'प्रत्येक कुटुंबास दहा लाख' हा मथळा आपण सर्वांनी वाचला. मी अर्थशास्त्राचा प्राध्यापक. पण मीही हा आकडा फळ्यावर लिहून पुढे गेलो, हे कबूल केले पाहिजे. तो फोडून पाहिला तो निवृत्तीनंतर.

योजनेत दोन पर्याय होते. एकात रोख रक्कम घेऊन कुटुंबाने आपली व्यवस्था आपण लावावयाची. दुसऱ्यात पुनर्वसन वनखात्याने करावयाचे. या दुसऱ्या पर्यायात रकमेची वाटणी अशी होती: २ हेक्टर शेतजमिनीची खरेदी व विकास ३५ टक्के, हक्कांचा निपटारा ३० टक्के, घर आणि घराची जागा २० टक्के, प्रोत्साहन ५ टक्के आणि रस्ता, पाणी, वीज, स्मशानभूमी अशा सामूहिक सोयी १० टक्के.

३५ टक्के म्हणजे साडेतीन लाख. २ हेक्टर म्हणजे सुमारे पाच एकर. एकरी ७० हजार पडले! अकोट-तेल्हाऱ्याच्या काळ्या जमिनीचा भाव ज्याला ठाऊक आहे, त्याला अधिक सांगावयास नको. सामूहिक सोयींचा १ लाख तर याहून बोलका आहे. आपल्या गावचा रस्ता सार्वजनिक निधीतून होतो. कोरकूच्या वस्तीतील रस्ता, इतकेच नव्हे तर त्याची स्मशानभूमीही त्याच्याच मोबदल्यातून होते. तरीही ती सारी रक्कम त्याला 'मिळाली' असे छापले जाते.

रोख पर्याय घेऊन सगळे पैसे शेकडा ७ व्याजाने ठेवले, तरी महिन्याला सहा हजारही हाती पडत नाहीत. त्या बदल्यात त्याने सोडले काय? शेत, चराई, मोह, तेंदूपाने, सरपण. हे त्याच्या चरितार्थाचे भांडवल. भांडवलाच्या किमतीला उत्पन्न समजणे ही पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याची चूक आहे; मथळ्यात गेली की तिचेच लोकमत बनते. १० लाखांचे १५ लाख २०२१ साली झाले. तोवर तेरा वर्षे भाव वाढत होते आणि आकडा जागच्या जागी होता.

आता 'स्वेच्छा पुनर्वसन' हा शब्द घ्या. २००६ चा वनहक्क कायदा सांगतो की, आधी लोकांचे हक्क मान्य झाले पाहिजेत, सहजीवनाचा दुसरा मार्ग नाही हे सिद्ध झाले पाहिजे, ग्रामसभेची सर्व माहितीनिशी लेखी संमती हवी, आणि नव्या जागी जमीन व सोयी पूर्ण होईपर्यंत कोणालाही हलविता येत नाही. वार्ताहराने विचारावयाचे चार प्रश्न कायद्यानेच लिहून ठेवले आहेत. ते न विचारता 'स्वेच्छा' हा शब्द छापणे म्हणजे एका पक्षाचे म्हणणे निकाल म्हणून छापणे होय.

जानेवारी २०१९ मध्ये केलपाणी, गुल्लरघाट आदी गावांचे पुनर्वसित लोक जंगलात परतले. संघर्ष झाला, पोलीस, वनकर्मचारी आणि गावकरी जखमी झाले. कर्मचाऱ्यावर उगारलेल्या हाताचे समर्थन मी करणार नाही. तोही पगारावर पोट भरणारा माणूस आहे. वाघही आपला शत्रू नाही. परंतु मी वाचलेल्या बातम्यांत हल्ला मथळ्यात होता. जमीन नाही, औषधपाणी नाही, नव्या वस्तीत माणसे दगावली, ही तक्रार शेवटच्या परिच्छेदात 'गावकऱ्यांचे म्हणणे' म्हणून होती. खात्याचे निवेदन मात्र 'म्हणणे' नव्हते. ती वस्तुस्थिती होती!

याचा दोष एकट्या तालुक्याच्या वार्ताहराला देऊ नका. त्याचे मानधन तुटपुंजे. जाहिराती त्यानेच आणावयाच्या. जंगलात जाण्यास परवानगी खात्याची. खात्याचे पत्रक तयार मराठीत हाती येते. कोरकू भाषा मुंडा कुळातील. ती त्याला येत नाही. लेखणी उचलण्यापूर्वीच पारडे झुकलेले असते.

आणि आपण? आपल्या लेखांतही कोरकू बहुधा मोर्चाच्या दिवशीच आला आहे. म्हणून माझी सूचना साधी आहे. प्रत्येक पुनर्वसित गावाची एक वही करा. कबूल काय झाले, मिळाले काय आणि कोणत्या तारखेला. शाळा, विहीर, सातबारा, आजारपण, मृत्यू, सारे तिच्यात नोंदवा. ती वही त्या गावच्या शिकलेल्या मुलामुलींनी लिहावी. आपण फक्त सोबत बसावे. पुढची बातमी येईल तेव्हा संपादकाकडे निषेधाचे पत्रक नेऊ नका, ही वही न्या. त्याने ती छापली नाही, तर आपण छापू.