तपासणी : आगीपूर्वीची भेट

(अग्निशमन सेवा सप्ताहानिमित्त व्यापारी व दुकानदारांच्या सभेत दिलेले भाषण)



14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागली. जहाजात कापूस होता आणि स्फोटकेही होती. आग विझवीत असता झालेल्या स्फोटांत अग्निशमन दलाच्या 66 जवानांना वीरमरण आले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी 14 ते 20 एप्रिल हा सप्ताह आपण पाळतो. कापूस आणि दारूगोळा यांचा शेजार घातक असतो, हे कळण्यास मोठ्या विद्वत्तेची गरज नाही. गरज असते ती वेळीच पाहण्याची. अशा पाहण्यालाच आपण तपासणी म्हणतो.

तपासणीचे नाव निघाले की आपल्या कपाळाला आठी पडते. गिऱ्हाइकांच्या वेळी खोळंबा होईल, नोटीस निघेल, खर्च वाढेल, अशी धास्ती वाटते. ती मी समजू शकतो. परंतु कायद्याची भूमिका आपण नीट ध्यानात घ्यावी. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 अन्वये ही व्यवस्था सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी प्रथम मालकाची अथवा भोगवटादाराची आहे. परवानाधारक संस्थेकडून यंत्रणेची पाहणी करवून तिचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत व जुलैत, अग्निशमन अधिकाऱ्याकडे सादर करावयाचे असते. अधिकारी स्वतः येऊन पाहतात, उणिवा दाखवितात, त्या दूर करण्यासाठी नोटीस देतात. जीवितास तातडीचा धोका दिसला, तर जागा रिकामी करविण्याचा अधिकारही त्यांना आहे.

ते पाहतात तरी काय? जिन्यात मालाची खोकी रचली आहेत काय? मागील दार उघडते, की त्याला गंजलेले कुलूप आहे? मीटरपेटीशेजारी पुठ्ठे व चिंध्या पडल्या आहेत काय? अग्निशामक नळकांड्याच्या दाबमापकाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे काय, आणि ते नळकांडे वापरावयाचे कसे, हे नोकरांपैकी कोणाला ठाऊक आहे काय? टाकीत पाणी आहे काय, पंप चालतो काय? यांतील बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही; लागते ती शिस्त.

पाहणी न करताच सही-शिक्का देऊ करणारा कोणी भेटला, तर त्याला दुकानाची पायरी चढू देऊ नये. भिंतीवर प्रमाणपत्र टांगल्याने कोरड्या टाकीतून पाणी येत नाही.

एक गोष्ट मात्र कोणत्याही कागदावर उतरत नाही. पुण्यातील कोंढवा भागात 30 डिसेंबर 2016 रोजी पहाटे एका बेकरीला आग लागली. आत कामगार झोपलेले होते. दार बाहेरून कुलूपबंद होते. सहा जणांचा अंत झाला. उरुळी देवाची येथे 9 मे 2019 च्या पहाटे एका साडीच्या दुकानात पाच कामगारांचा असाच अंत झाला. ही मुले पोटासाठी दूरच्या गावाहून आलेली असतात. त्यांच्या निवाऱ्याची सोय म्हणून आपण पोटमाळा देतो आणि मालाच्या काळजीने बाहेरून कुलूप लावतो. माल सुरक्षित राहावा ही इच्छा रास्त आहे. परंतु कुलपाआड माणूस असेल, तर आतून उघडणारे दार हवेच. अधिकारी दिवसा येऊन जातो. रात्री कुलूप कसे लागते, हे केवळ आपणांस ठाऊक असते. म्हणून रात्रीची तपासणी आपली आपणच केली पाहिजे.

आणखी एक विनंती. तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्याला परका मानू नका. आज जो आपला जिना पाहून जातो, उद्या कदाचित तोच धुराने भरलेल्या त्या जिन्यातून वर चढणार असतो. 9 मे 2015 रोजी मुंबईतील काळबादेवी येथे जुन्या इमारतीची आग विझविताना इमारतीचा भाग कोसळला. त्या दुर्घटनेत मुंबई अग्निशमन दलाने आपले चार अधिकारी गमावले. मुख्य अग्निशमन अधिकारीही त्यांत होते. आपण जिना मोकळा ठेवतो, तो आपल्या गिऱ्हाइकांसाठी, नोकरांसाठी आणि आपल्याला वाचवायला येणाऱ्या या माणसांसाठीही.

तहान लागल्यावर विहीर खणू नये, असे आपण म्हणतो. आगीच्या बाबतीत तर तेवढीही उसंत मिळत नाही. म्हणून आज सायंकाळी दुकान बंद करण्यापूर्वी, कोणीही सांगितले नसताना, एकदा मागील दार उघडून पाहा. ते सहज उघडले, तर या सप्ताहाचे सार्थक झाले. न उघडले, तर उद्यावर ढकलू नका.